खटावच्या उतारावरची सीताफळ बाग: माती जागेवर धरणाऱ्या आच्छादनाचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यात पश्चिमेकडे महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेकडे माण-खटावात तो पाचशेच्या आसपास राहतो. दोन टोकांत अंतर फार नाही, पण डोंगरउतारावरच्या बागेत जमिनीवर काय वाढू द्यायचं आणि काय नाही, याचं उत्तर या दोन ठिकाणी अगदी उलटं येतं. पाटण, जावळी किंवा शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याकडे बागेत बारमाही हिरवळ ठेवली तरी झाडाला पाणी उरतं. खटावात तीच हिरवळ ऑक्टोबरनंतर झाडाच्या तोंडचं पाणी पिते. म्हणून इथला शेतकरी बाग ‘साफ’ ठेवतो, आणि साफ ठेवलेल्या उतारावरून माती निघून जाते. या दोन नुकसानांमधून वाट कशी काढायची, एवढ्याच प्रश्नाचा हा अभ्यास आहे.

इथे घेतलेली बाग नमुन्याची आहे. एका विशिष्ट शेतकऱ्याची नोंद म्हणून ती वाचू नये. वर्धनगडाच्या डोंगररांगेच्या पूर्व अंगाला मुरमाड उतारावर ज्या प्रकारच्या बागा आहेत, त्यांची मापं धरून आखणी आणि हिशेब मांडले आहेत.

बाग आणि तिचं दुखणं

क्षेत्र एक हेक्टर, १०० मीटर रुंद आणि उताराच्या दिशेने १०० मीटर लांब. वरच्या ३० मीटरना उतार १४ टक्के, मधल्या ४० मीटरना १० टक्के, खालच्या ३० मीटरना ६ टक्के. म्हणजे माथ्यापासून पायथ्यापर्यंत जमीन १० मीटर उतरते. सीताफळाची ४०० झाडं ५ बाय ५ मीटरवर, वय पाच वर्षं, ओळी आडव्या. दर २० मीटरवर एक याप्रमाणे पाच समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले), ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. चराचं काम या भागाला नवं नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांमधल्या जलसंधारण स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू आणि २०१८ साली माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं, ते अशाच कामांच्या जोरावर.

बागेची आजवरची व्यवस्था अशी: उन्हाळ्यात दोन ओळींमधून ट्रॅक्टरची पाळी (वरवरची मशागत), पावसाळ्यात एकदा तणनाशक, दिवाळीनंतर मेंढरांना मोकळं रान.

दुखणं डोळ्यांना दिसतं. वरच्या पट्ट्यात बुंध्याभोवतीची माती खचून मुळं उघडी पडली आहेत. पृष्ठभागावर बारीक गोट्यांचा थर साचला आहे. मधल्या पट्ट्यात बोटभर ते वीतभर खोलीच्या ओघळी आहेत आणि चर निम्मे गाळाने भरले आहेत. पहारीने खणून पाहिलं की वर १५ ते २० सेंटिमीटरवर कच्चा मुरूम लागतो, तर खाली पायथ्याला दोन फूट माती सापडते. खालची झाडं डेरेदार, वरची खुरटी. खत दोन्हीकडे सारखंच पडतं.

हिशेब केला की दुखण्याची तीव्रता कळते. एक हेक्टरावरून मातीचा फक्त एक मिलिमीटर थर गेला तर १० घनमीटर माती जाते. वजनात ती सुमारे १३ टन आणि ब्रासमध्ये साडेतीन ब्रास भरते. साडेतीन ट्रॉल्या माती कोणी चोरून नेली तर गावात बोभाटा होईल. एका पावसाळ्यात मिलिमीटरभर थर गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता चरांकडे पाहू. एका मीटर लांबीच्या चरात १८० लिटर पाणी मावतं, पाच चर मिळून ५०० मीटर, म्हणजे ९० हजार लिटर. एका चरावर वरच्या २० मीटर जमिनीचं पाणी येतं, त्यामुळे चर कोरा असला तर वाहून आलेलं ९ मिलिमीटर पाणी धरतो. पण निम्मा चर गाळाने भरला की साडेचार मिलिमीटरच. ५० मिलिमीटरचा वळीव उघड्या, पापुद्रा धरलेल्या जमिनीवर तासाभरात कोसळला आणि त्यातला निम्मा जरी वाहिला, तरी २५ मिलिमीटर पाणी चरावर येतं. चर भरून, त्याच्या खालच्या काठाचा मातीचा वरंबा फोडून ते खालच्या चरावर आदळतं. दरवर्षी चर उकरणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय. तो अपुरा आहे, कारण चरात सापडलेली माती झाडाच्या मुळापासून आधीच सुटलेली असते. माती थांबवायची तर ती थेंब आदळतो तिथेच थांबवावी लागते.

मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने पडतो. उघड्या ढेकळाचा तो चुरा करतो, बारीक कण छिद्रांत बसतात, वर पातळ पापुद्रा तयार होतो आणि मग साधा पाऊसही जिरत नाही. पान, काडी, गवताचा बुडखा किंवा वाळका पाला यांपैकी काहीही मध्ये आलं तर हा क्रम तिथेच तुटतो. जमिनीचा ३० टक्के भाग जरी झाकलेला असला तरी धूप निम्म्याहून खाली येते. आपलं उद्दिष्ट पहिल्या जोरदार पावसाआधी ७० टक्क्यांचं असावं. पृष्ठभागावरचे गोटेही या झाकणात मोजावेत. ओघळी बांधायला लागतील तेवढेच उचलावेत. सगळे वेचून बांधावर रचणं म्हणजे उतारावरचं उरलेलं पांघरूण काढून घेणं.

सगळीकडे एकच गवत का चालणार नाही

खटावात धूप करणारे पाऊस मुख्यतः दोन वेळा येतात: मे ते जूनच्या सुरुवातीचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा उत्तरा-हस्ताचा पाऊस. मधले दोन महिने बऱ्याचदा झिमझिम किंवा उघडीप. म्हणजे जमीन मे महिन्यात झाकलेली हवी आणि सप्टेंबरातही. पण ऑक्टोबर ते मे या काळात पाणी पिणारं काही जिवंत नको, किंवा अगदी थोडं हवं. यावरून बागेचे तीन भाग आपोआप पडतात: झाडाचं आळं, समतल रेषेवरचे गवताचे कायमचे पट्टे, आणि ओळींमधली हंगामी कडधान्यांची जागा.

आळं म्हणजे बुंध्यापासून एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ. इथे जिवंत काहीही वाढू द्यायचं नाही, फक्त वाळकं आच्छादन. सीताफळात याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड. तिची पिल्लं जमिनीतून बुंध्यावर चढतात आणि मुंग्या त्यांना फांदीफांदीवर नेतात. गवत किंवा चवळीचा वेल फांदीला टेकला की मुंग्यांना आयता पूल मिळतो, मग बुंध्याला लावलेल्या चिकट पट्टीचा काही उपयोग राहत नाही. म्हणून आळं मोकळं ठेवायचं आणि जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच्या लोंबत्या फांद्या छाटायच्या.

गवताचे पट्टे एक मीटर रुंद, प्रत्येक चराच्या वरच्या काठाला. वरून येणारं गढूळ पाणी दाट बुडख्यांत अडखळतं, वेग कमी होतो, गाळ पट्ट्यातच बसतो आणि चरात निवळ पाणी उतरतं. पाच चरांसाठी पाच पट्टे. पण वरच्या १४ टक्के उताराला २० मीटरचं अंतर जास्त आहे. बांधांतलं उभं अंतर काढायचं नेहमीचं सूत्र लावलं तर १४ टक्क्यांना दोन रेषांतलं अंतर साधारण १४ मीटरच येतं. नवे चर खोदायला तिथे माती नाही, मुरूमच आहे. तेव्हा माथ्यापासून १० आणि ३० मीटरवर चराशिवाय नुसते गवताचे दोन जादा पट्टे घ्यावेत. उताराची लांबी तोडणं फार मोलाचं आहे. अशा उतारावर सलग लांबी चौपट झाली की दर हेक्टरी धूप साधारण दुप्पट होते.

पट्ट्यासाठी मारवेल, मद्रास अंजन आणि स्थानिक पवना ही गवतं योग्य. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल ०६-४० हा वाण ठोंबांपासून (मुळांसकट सुटे केलेल्या फुटव्यांपासून) लावता येतो. बागेच्या मधल्या आणि खालच्या भागात, जिथे थोडी तरी माती आहे, तिथे मारवेल. वरच्या मुरमात पवना किंवा अंजन. पवना आसपासच्या डोंगरावरच मिळतो आणि त्याच जमिनीला सरावलेला असतो, ही त्याची खरी जमेची बाजू.

कुसळी मात्र लावू नये. ती आपोआप येतेच. माती ती चांगली धरते, पण तिची कुसळं सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतात, नेमकी फळतोडणीच्या वेळी. मजुरांच्या कपड्यांत आणि जनावरांच्या तोंडात घुसतात, आणि मग बागेत शिरायला कोणी तयार होत नाही.

आखणी

मे महिन्यात, जमीन कोरडी असताना. दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधून खाली दीड-दोन मीटर फाकवाव्यात, मध्ये आडवी काठी बांधावी आणि टोकापासून दोरीला दगड सोडावा. ही झाली ए-फ्रेम. ती दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करावी. मग पाय उलटापालट करून त्याच खुंट्यांवर पुन्हा खूण करावी. दोन खुणांचा मध्य हीच पातळी. ही उलटापालट टाळली की प्रत्येक पावलाला चूक साठत जाते. दर दोन-तीन पावलांवर खुंटी ठोकावी आणि पूर्ण रेषा झाल्यावर दुरून पाहून वेड्यावाकड्या खुंट्या थोड्या सरकवाव्यात.

जुन्या चरांवरही ही पातळी एकदा फिरवावी. ३० सेंटिमीटर खोल चराला २० मीटरमध्ये १० सेंटिमीटरचा फरक असेल तर पाणी एका टोकाला धावतं आणि तिथे वरंबा फुटतो. अशा जागी चरात मातीचा आडवा बंध ठेवावा आणि जास्तीच्या पाण्यासाठी दगडांचा सांडवा करावा. पातळी चुकलेला गवताचा पट्टाही असाच घात करतो. तो पाणी अडवत नाही, उलट गोळा करून एका ठिकाणी सोडतो.

उतार मोजायला दोन मीटरची सरळ फळी पाणपातळीने आडवी धरावी आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजावं. २८ सेंटिमीटर आलं तर १४ टक्के. ओघळींत वेचलेले गोटे भरून छोटे अनगड (नुसते दगड रचलेले) बांध घालावेत, मध्यभाग काठांपेक्षा वीतभर खाली ठेवून, नाहीतर पाणी बाजूने माती कापून जातं.

बियाणं, ठोंबं आणि वेळ

सात पट्टे, प्रत्येकी १०० मीटर, म्हणजे ७०० मीटर. प्रत्येक पट्ट्यात तीन ओळी, ओळींत ३० आणि ठोंबांत २० सेंटिमीटर अंतर. दर मीटरला १५ ठोंबं, एकूण १०,५००. ओळी एकाआड एक चुकवून लावाव्यात, म्हणजे पाण्याला सरळ फट मिळत नाही. ठोंब दोन-तीन फुटव्यांचं, पाती १५ सेंटिमीटरवर छाटलेली. माणशी पाचशेच्या हिशेबाने २१ मजूर-दिवस लागतात. हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा खर्च आहे. एकाच वर्षी जमत नसेल तर वरचे तीन पट्टे आधी आणि उरलेले पुढच्या वर्षी लावावेत. हा क्रम उलटा करू नये, कारण वरून सुटलेलं पाणी खालचा कोवळा पट्टा उखडून टाकतं.

लागण पहिल्या पावसाला करू नये. मृगाच्या सरीवर लावलेली ठोंबं पुढच्या पंधरा दिवसांच्या उघडिपीत वाळतात. जमीन किमान वीतभर ओली झाली, वापसा आला आणि आभाळ झाकोळलेलं राहू लागलं की मग लावावं, बहुतेक वर्षी जुलैच्या मध्यावर. अंजनाचं बी पेरायचं असेल तर मागच्या वर्षीचं घ्यावं, ताज्या बियांना सुप्तावस्था असते. बी केसाळ आणि हलकं असल्याने ओल्या मातीत कालवून पेरावं, सेंटिमीटरभरापेक्षा खोल नको.

चरांच्या वरंब्यावर स्टायलो. ही शेंगवर्गीय बारमाही वनस्पती मुरमात तगते आणि वरंबा मुळांनी शिवून टाकते. पाच वरंब्यांची मिळून सुमारे ४५० चौरस मीटर जागा, त्याला अर्धा किलो बी पुरतं. बियांची साल टणक असते. ८० अंशांच्या गरम पाण्यात ४ ते ५ मिनिटं ठेवून मग रात्रभर गार पाण्यात भिजवावं. तापमापी नसेल तर उकळत्या पाण्याच्या तीन तांब्यांत साध्या पाण्याचा एक तांब्या ओतावा, तापमान ८० च्या जवळपास येतं. उकळत्या पाण्यात थेट बी टाकलं तर कोंब मरतो. एवढं करूनही काही बी दुसऱ्या वर्षीच उगवेल. पहिल्या वर्षी विरळ दिसलं म्हणून वरंबा पुन्हा उकरू नये.

आता ओळींमधली जागा. हेक्टरातून आळ्यांचे १,२५६ चौरस मीटर, गवताच्या पट्ट्यांचे ७०० आणि चर-वरंब्यांचे ७५० वजा केले की सुमारे ७,३०० चौरस मीटर उरतात, म्हणजे ७२ गुंठे. इथे चवळी, मटकी आणि हुलगा यांचं मिश्रण पेरावं: एकरी चवळी ५ किलो, मटकी ३ किलो, हुलगा ४ किलो. ७२ गुंठ्यांना अनुक्रमे ९, साडेपाच आणि ७ किलो. धान्यासाठी पेरतो त्यापेक्षा हे दाट आहे, आणि ते मुद्दाम. चवळी रुंद पानांनी महिना-सव्वा महिन्यात जमीन झाकते, मटकी खाली पसरते, हुलगा सावकाश येतो पण चवळी संपल्यावर उत्तरा-हस्ताच्या पावसाला तोच अंगावर घेतो. तीन-चार किलो हुलगा बाजूला ठेवून ऑगस्टमध्ये मोकळ्या राहिलेल्या जागी टोकावा. चवळी झुडूपवजा जातीची घ्यावी, वेलीची जात झाडावर चढते.

बियाण्याला दर १० ते १५ किलोस २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू) आणि तेवढंच स्फुरद विरघळवणारं जिवाणू संवर्धक चोळावं. पहिल्या वर्षी सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या दोन गोण्या पेरणीबरोबर द्याव्यात. मुरमात स्फुरद नसलं की कडधान्यं वीतभर वाढून थांबतात आणि जमीन उघडी राहते. पेरणी आर्द्रा-पुनर्वसूत, कुरीने (बैलाने ओढायच्या पेरणीच्या अवजाराने), उताराला आडवी. वरच्या पट्ट्यात कुरी चालत नसेल तर टोकण, म्हणजे हाताने एकेक बी. कुरी उभी चालवली तर प्रत्येक तास म्हणजे नवी ओघळ.

उन्हाळी नांगरटीचा प्रश्न इथे उघडपणे मांडायला हवा. सपाट काळ्या रानात ती उपयोगाची आहे: किडींचे कोष उघडे पडतात, तणांच्या काश्या वाळतात. १० टक्क्यांच्या मुरमाड उतारावर मात्र वळिवाच्या तोंडावर भुसभुशीत केलेली माती पाण्याबरोबर जाण्यासाठीच तयार केल्यासारखी असते. या बागेत ट्रॅक्टरची पाळी पूर्ण बंद करावी. कुरीच्या फणाने उघडते तेवढीच जमीन पुरेशी आहे.

कापणी, आणि काड कुणाचं

झाडाशी स्पर्धा ऑगस्टपासून सुरू होते. सीताफळ तेव्हा फळं पोसत असतं. सलग पंधरा दिवस पाऊस नाही आणि दुपारी चवळीची पानं मान टाकतात, एवढी खूण पुरे. चवळी-मटकी लगेच १० ते १५ सेंटिमीटरवर कापून जागीच पसरावी. पाणी पिणारं हिरवं झाड त्या दिवसापासून पाणी राखणारं आच्छादन होतं. धान्याच्या लोभाने आठवडाभर थांबलं तर फळाचं वजन घटतं. खटावच्या पावसात हा निर्णय जवळजवळ दरवर्षी घ्यावा लागणार, त्यामुळे आच्छादन पिकाचं उत्पन्न हिशेबात धरूच नये. मिळालं तर मिळालं.

फळतोडणीआधी ओळींतून पायवाटेपुरतं रान कापून घ्यावं. या खडकाळ रांगांत घोणस आणि फुरसं असतं. गुडघाभर हिरवळीत टोपली घेऊन चालणाऱ्या बाईला पुढचं पाऊल दिसलं पाहिजे. ग्रासकटर आळ्याच्या आत नेऊ नये. त्याची दोरी किंवा पातं बुंध्याची साल सोलतं, आणि साल चौफेर सोलली गेली की झाड वाळतं. आळ्यात विळा-खुरपंच. ठिबकच्या नळ्या असतील तर त्या आळ्याच्या आतल्या बाजूने न्याव्यात, गवतात लपल्या तर पहिल्याच कापणीत तुटतात.

हुलगा नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो. आपल्याकडे तो उपटून काढायची रीत आहे. इथे विळ्याने कापावा. उपटला की मुळाबरोबर माती सैल होते, गाठींतलं नत्र खळ्यावर जातं, आणि पुढच्या मे महिन्यात वळीव अंगावर घ्यायला जमिनीत बुडखासुद्धा राहत नाही. कापायला मजुरी जास्त पडते, हे खरं आहे.

मग येतो काडाचा प्रश्न, आणि बहुतेक आच्छादन योजना इथेच मोडतात. एका आळ्यावर आठ-दहा सेंटिमीटर जाडीचं वाळकं आच्छादन द्यायला सुमारे ९ किलो काड लागतं. ४०० झाडांना ३,६०० किलो. हलक्या जमिनीत पावसाप्रमाणे कडधान्यांचं वाळकं काड एकरी अर्धा ते एक टन मिळतं, म्हणजे ७२ गुंठ्यांत ९०० ते १,८०० किलो. गवताच्या पट्ट्यांतून दोन-तीनशे किलो. सगळं झाडांनाच घातलं तरी चाळीस ते सत्तर टक्के झाडं उघडी राहतात. आणि सगळं झाडांना घालणं शक्यही नसतं, गोठ्यात दुभती जनावरं असतात. जनावराला घातलेल्या वैरणीचं शेण पुन्हा बागेत येतं असं म्हणतात. प्रत्यक्षात गोठा खाली गावात, शेणखत जवळच्या बागायतीत जातं आणि डोंगरावर कोणी चढवत नाही.

म्हणून वाटणी आधीच ठरवावी. वरच्या ३० मीटर पट्ट्यातली १२० झाडं पहिली हक्कदार. त्यांना १,१०० किलोच्या आसपास काड लागतं, ते कमी पावसाच्या वर्षीही कडधान्यं आणि गवत मिळून जवळपास भागतं. त्या पट्ट्यातून वैरण खाली नेऊ नये. त्या झाडांचं भागल्यावर मधल्या पट्ट्यात अर्धं अर्धं, खालच्या पट्ट्यातलं जनावरांना. सीताफळाची स्वतःची पानगळ आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या छाटणीच्या बारीक फांद्या तुकडे करून आळ्यात घालाव्यात, मात्र पिठ्या ढेकूण लागलेल्या फांद्या आणि काळी पडून सुकलेली फळं बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत. आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावं. साल सतत ओली राहिली की कुजते, आणि कोरड्या काळात काडाखालून वाळवी थेट खोडावर चढते.

वणवा, मेंढरं आणि पहिल्या दोन वर्षांतल्या चुका

वाळकं गवत राखलेली बाग म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटायला तयार बाग. डोंगराला लावलेली आग चांगलं गवत फुटावं म्हणून लावतात, ती वाऱ्याबरोबर बागेत उतरते. डिसेंबर संपायच्या आत डोंगराकडच्या आणि दोन्ही बाजूंच्या हद्दीवर तीन मीटर रुंदीची जाळरेषा काढावी: गवत तळापासून कापून आळ्यांत टाकायचं, जमीन खणायची नाही. पट्ट्यांतलं गवतही तेव्हाच १०-१५ सेंटिमीटरवर आणावं.

मेंढरं आणि शेळ्या सीताफळाचा पाला खात नाहीत, म्हणून ‘चरली तर काय बिघडतं’ असा समज आहे. बिघडतं ते खुरांनी. वरंबे ढासळतात, कोवळी ठोंबं उपटली जातात, उन्हाळ्यात माती भुकटी होते. पहिली दोन वर्षं वरचा आणि मधला पट्टा काट्यांच्या शिऱ्या लावून बंद ठेवावा. खालच्या ६ टक्क्यांच्या भागात मात्र हुलगा निघाल्यावर मेंढरं बसवायला हरकत नाही, लेंडीखत जागेवर मिळतं. पूर्ण बंदी घातली तर ती पाळली जात नाही. एवढा भाग मोकळा ठेवला तर मेंढपाळाशी बोलणं होतं आणि वरची बाजू राखली जाते.

तणांपैकी टाकळा, केना, एकदांडी यांना घाबरण्याचं कारण नाही. फुलोऱ्याआधी कापले की तेही आच्छादनच. गाजर गवत फुलाआधी उपटावं, फुलल्यावर आळ्यात टाकू नये. हरळी आणि लव्हाळा आळ्यात शिरले तर लगेच खुरप्याने काढावेत, काडाच्या थराखाली ते दबत नाहीत. स्टायलो किंवा कडधान्यावर पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल दिसली तर त्या झाडासकट काढून जाळावी.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक वेगळीच आहे. पहिल्या वर्षी ऑगस्टपर्यंत ठोंबं जेमतेम मुठीएवढी असतात, पट्ट्यांत फटी दिसतात, पाणी अजून गढूळच जातं, आणि ‘गवताने काही होत नाही’ म्हणून उन्हाळ्यात पुन्हा ट्रॅक्टर घातला जातो. पट्टा पाणी गाळू लागतो तो दुसऱ्या पावसाळ्यात. मेलेल्या ठोंबांच्या जागी जुलैत नवी लावावीत. ओळीत दोन वितींपेक्षा मोठी फट राहिली तर सारं पाणी तिथूनच वाट काढतं.

मोजून पाहणं

झाकण मोजायला बाग तिरकी ओलांडत शंभर पावलं चालावं आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी काय आहे ते नोंदवावं: पान, काडी, गोटा की उघडी माती. शंभरात सत्तर वेळा माती सोडून दुसरं काही आलं पाहिजे. हे मे अखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, असं दोनदा.

जिरवण मोजायला १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा जमिनीत पाच सेंटिमीटर ठोकावा आणि त्यात ४४० मिलिलिटर पाणी ओतावं. हा २५ मिलिमीटर पाऊस झाला. तो जिरायला किती मिनिटं लागतात ते ओळीत, गवताच्या पट्ट्यात आणि शेजारच्या नांगरलेल्या पण पाऊस खाऊन बसलेल्या रानात, एकाच दिवशी मोजावं. जोराच्या पावसात पट्ट्याच्या वरचं आणि खालचं पाणी दोन बाटल्यांत भरून रात्रभर ठेवलं की तळाच्या गाळाचा फरक कुणालाही दिसतो.

धूप मोजायला सहा मिलिमीटरच्या सळईचे ३० सेंटिमीटरचे दहा तुकडे पुरतात. वरच्या आणि मधल्या पट्ट्यात पाच-पाच, ओळींच्या मध्यभागी, पाच सेंटिमीटर वर ठेवून मे महिन्यात ठोकावेत आणि शेंड्याला रंग लावावा. हुलगा कापून झाल्यावर डिसेंबरात उघडी उंची मोजावी. पाचांची सरासरी ५३ मिलिमीटर आली तर त्या पट्ट्यातून हेक्टरी ३९ टन दराने माती गेली. ५१ आली तर १३ टन. गवताच्या पट्ट्याच्या लगेच वरच्या बाजूला एक जादा सळई ठोकावी. तिथली उघडी उंची ५० पेक्षा कमी भरली, म्हणजे गाळ पट्ट्याला धरून बसू लागला. त्या वर्षी चरांत गाळ किती आला तेही काठी घालून पाहावं. तळ दोन बोटांहून जास्त उचलला नसेल तर चर उकरायची मजुरी वाचवून ती उरलेल्या पट्ट्यांच्या ठोंबांवर लावता येते.